काठापर्यंत वाचणारी काच

बारडोलीच्या एका वाचकांचे पत्र आमच्यापुढे आहे. त्यांच्या घरी जुन्या मराठी मासिकांचे बांधीव खंड आहेत, आणि आजोबांच्या हातची एक जाडजूड वहीही आहे. तीत घराण्याची वंशावळ, शेताच्या बांधाचे तंटे, लग्नांतील आहेर असे सर्व काही एकाच टाकाने लिहिलेले आहे. हे संगणकात उतरवून ठेवावे या हेतूने त्यांनी एक स्कॅनर विकत आणला. यंत्र नवे, पातळ, सुबक. खोक्यावर इंचामागे ४८०० बिंदूंचा आकडा ठळक छापलेला. परंतु पहिल्याच खंडाची पाने उतरविली तेव्हा डाव्या पानावरील प्रत्येक ओळीची शेवटची आणि उजव्या पानावरील प्रत्येक ओळीची पहिली दोन-तीन अक्षरे एका काळपट पट्ट्यात बुडून गेलेली दिसली. यंत्र सदोष निघाले काय, असे ते विचारतात.

यंत्रात दोष नाही. ते सुट्या कागदांसाठी घडविलेले आहे आणि त्यांच्यापाशी सुटे कागद नाहीत, एवढाच काय तो घोटाळा आहे. हा प्रश्न वरवर पाहता बाजारहाटाचा आहे, सबब तो या सदरात घ्यावा की नाही असा विचार आमच्या मनात येऊन गेला. तथापि महाराष्ट्राबाहेरील आपल्या घरांत जे जुने कागद आज शिल्लक आहेत, त्यांपैकी पुष्कळसे वह्या, चोपड्या, खंड अशा शिवलेल्याच रूपात आहेत. ते उतरवून ठेवण्याची हौस आता घरोघरी दिसू लागली आहे आणि बहुतेकांचे पैसे चुकीच्या आकड्याकडे पाहून खर्च होत आहेत. म्हणून थोडे तपशिलाने लिहितो.

आपल्या पूर्वजांना ही अडचण ठाऊक नव्हती. पोथी सुट्या पानांची असे. दोन फळ्यांच्या मध्ये ठेवावी, रुमालात बांधावी आणि वाचताना एकेक पान उचलून पलीकडे ठेवावे. छापखाने आल्यानंतरही कित्येक धर्मग्रंथ त्याच आडव्या, सुट्या पानांच्या रूपात छापले जात. अशी पोथी कोणत्याही स्वस्त यंत्रावर उत्तम उतरते. शिवलेल्या पुस्तकाची गोष्ट निराळी. त्यातही शिवण कोणत्या जातीची, यावर सर्व अवलंबून आहे. छापील कागदाला घड्या घालून आठ किंवा सोळा पृष्ठांची जुजे पाडावी, प्रत्येक जुज मधल्या घडीत शिवावे आणि अशी जुजे दोऱ्याने एकमेकांत गुंफावी, ही जुजबंदी. जुजबंदीचे पुस्तक मेजावर ठेवले तर हात न लावता उघडे राहते. परंतु मासिकाचे बारा अंक एकत्र बांधताना बहुतेक बाइंडर एवढे कष्ट घेत नसत. अंकांचा गठ्ठा करावा, कडेपासून अर्धा-पाऊण सेंटिमीटर आत आरीने भोके पाडून आरपार टाके घालावे, वर पुठ्ठा चढवावा आणि उरलेल्या तिन्ही बाजू कापयंत्रावर साफ कराव्या. बांधणी मजबूत होते, पण शिवणीकडचा समास टाक्यांखाली जातो. अक्षरे आणि टाके यांच्यामध्ये कधी कधी बोटाच्या पेराएवढीही जागा उरत नाही.

आमच्या व्यवसायात ही जागा किती मोलाची असते ते सांगावयास हवे. भेस्तान हे सुरतच्या दक्षिणेस, उधना आणि सचिन या स्थानकांच्या दरम्यानचे गाव. आता ते शहरात सामावले आहे. उधन्याहून जळगावकडे जाणाऱ्या लोहमार्गाने खानदेशातील माणसे पिढ्यान्‌पिढ्या इकडे येत राहिली, मागांवर आणि रंगाई-छपाईच्या मिलांत कामाला लागली, आणि त्यांची मुले या शहरातील मराठी शाळांत बसली. त्या मुलांची मुले आणि नातवंडे आज वयपत्रकाचा उतारा मागावयास येतात. महाराष्ट्रात ज्याला जनरल रजिस्टर म्हणतात, त्यालाच गुजरातच्या प्राथमिक शाळांत वयपत्रक म्हणतात. विद्यार्थ्याचे नाव, जात, जन्मस्थळ, जन्मतारीख, कोणत्या इयत्तेत कधी दाखल झाला आणि शाळा कधी सोडली, हे सर्व त्यात असते. अनुसूचित जाती व जमाती यांच्या याद्यांचे राष्ट्रपतींचे आदेश अनुक्रमे १० ऑगस्ट आणि ६ सप्टेंबर १९५० रोजी निघाले. त्या सुमारास घराणे कोणत्या मुलखात वसत होते हे दाखविणारा कागद आजही दाखल्याच्या कामी मोलाचा ठरतो. १ मे १९६० पूर्वी सुरत आणि खानदेश एकाच मुंबई राज्यात होते. मग राज्ये दोन झाली आणि कुटुंबे मध्ये उभी राहिली. अशा कुटुंबाच्या दृष्टीने आजोबांच्या शाळेतील एका ओळीला सातबाराच्या उताऱ्याइतके मोल असते.

आता गंमत अशी की, पुष्कळ जुन्या वयपत्रकांत रकाने डाव्या पानावर सुरू होऊन उजव्या पानावर संपतात. म्हणजे मधले दोन-तीन रकाने नेमके शिवणीच्या घळीत पडतात, आणि जन्मस्थळ किंवा जन्मतारीख यांसारखी नोंद त्या घळीत असण्याचा संभव फार. देवनागरीतील १ आणि ९ यांच्यातील फरक तो किती? एका वळणाचा. त्या वळणावर शिवणीची सावली पडली, की माणसाचा जन्म १९४१ मधला की १९४९ मधला हे त्या प्रतिमेवरून कोणासही सांगता येणार नाही. मूळ पुस्तक हाती असेपर्यंत यात काही बिघडत नाही. पान तिरपे करून, उजेडाकडे धरून वाचता येते. पण आपण प्रतिमा काढतो ती मूळ पुस्तक नसेल त्या दिवसासाठी. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने तापीला पूर आला आणि सुरत शहराचा फार मोठा भाग पाण्याखाली गेला. तळमजल्यावर पलंगाखालच्या ट्रंकेत ज्यांनी कागद ठेवले होते, त्यांना या विषयावर अधिक काही सांगण्याची गरज नाही.

तेव्हा यंत्राच्या पोटात डोकावू. स्कॅनरच्या काचेखाली एक आडवी दांडी सरकत जाते. ती कागदावर प्रकाश टाकते आणि परतणारा प्रकाश ओळीओळीने टिपते. हे टिपण्याच्या दोन रीती आहेत. पातळ यंत्रांत दांडी कागदाच्या रुंदीएवढी असते. तिच्यावर बारीक दिवे, सूक्ष्म भिंगांची रांग आणि त्याखाली प्रकाश टिपणारे कण असतात. या रीतीस कॉन्टॅक्ट इमेज सेन्सर, संक्षेपाने सीआयएस म्हणतात. नावातच सांगितले आहे की कागदाचा काचेशी संपर्क हवा. कागद काचेला चिकटून असला तर अक्षर स्वच्छ, आणि दोन-तीन मिलिमीटर वर उचलला गेला की धूसर. दुसऱ्या रीतीत आरसे आणि भिंग यांच्या साहाय्याने संपूर्ण ओळीची प्रतिमा लहान करून एका चिमुकल्या पट्टीवर पाडली जाते. ही पट्टी म्हणजे चार्ज कपल्ड डिव्हाइस, अर्थात सीसीडी. ही युक्ती १९६९ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत विलर्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांना सुचली आणि त्याबद्दल त्यांना २००९ साली पदार्थविज्ञानाच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. सीसीडीचे यंत्र जाड आणि जड असते, त्याला भिंतीवरच्या बटणातून वेगळी वीज लागते. पण कागद काचेपासून थोडा दूर राहिला तरी ते अक्षर ओळखते. शिवलेल्या पुस्तकासाठी म्हणून पहिली अट ही: यंत्र सीसीडीचे हवे. बाजारात पातळ यंत्रांचा सुळसुळाट आहे, आणि पातळ ते आधुनिक अशी आपल्या लोकांची समजूत आहे. सुट्या कागदांना ती यंत्रे खरोखरच उत्तम; आजोबांच्या वहीला नव्हेत.

दुसरी अट काठाची, आणि आमच्या मते हीच मुख्य. स्कॅनरची काच एका चौकटीत बसविलेली असते. ती चौकट, बाहेरची भिंत आणि दांडी ज्यावर सरकते ते रूळ, या सर्वांना जागा लागते; म्हणून काचेच्या चारही बाजूंना एकदोन बोटे रुंदीची प्लॅस्टिकची पट्टी असते, आणि कित्येक यंत्रांत ती काचेहून किंचित उंचही असते. त्यावर पुस्तकाचे एक पान पालथे घालून दुसरे बाहेर सोडले, तर शिवण या पट्टीवर येते. पान पट्टीवरून उतरून काचेला टेकेपर्यंत एखाद-दुसरा सेंटिमीटर अधांतरी राहते. समास तेवढाच असता तर तक्रार नव्हती. पण आरपार टाक्यांच्या खंडात समास असतो अर्धा सेंटिमीटर. म्हणजे अक्षरे अधांतरी भागात येतात, आणि काही तर काचेच्या बाहेरच राहतात. संपूर्ण पुस्तक उताणे उघडून दोन्ही पाने एकदम काचेवर ठेवली तरी शिवणीपाशी कागद कमानीसारखा वर उचलला जातो. मग माणसे झाकणावर तळहाताने जोर देतात. काही जण तर त्यावर पाटा ठेवतात असे आम्ही ऐकले आहे. त्याने पुस्तकाची पाठ मोडते, काचेला तडा जाण्याची भीती राहते आणि अक्षरे काही खाली उतरत नाहीत.

यावर उपाय म्हणून काही कारखानदारांनी एका बाजूची पट्टी जवळजवळ नाहीशी केलेली यंत्रे काढली आहेत. त्या बाजूला काच थेट यंत्राच्या कडेपर्यंत येते आणि तेथून यंत्राची भिंत खाली उतरते. पुस्तकाचे एक पान काचेवर आणि उरलेले पुस्तक भिंतीलगत खाली, असे ते दांडीवर धोतर वाळत घालावे तसे काठावर बसते. पुस्तक संपूर्ण उताणे करावे लागत नाही. काटकोनाएवढे उघडले तरी पुरते, आणि जुन्या बांधणीला हे फार मानवते. तैवानच्या प्लस्टेक कंपनीची ऑप्टिकबुक ही मालिका या प्रकारात अधिक परिचित आहे. तैवानच्याच अ‍ॅव्हिजन कंपनीचीही अशी यंत्रे आहेत. येथे एक सूक्ष्म गोष्ट लक्षात ठेवावी. काठापर्यंत म्हणजे अगदी काठापर्यंत नव्हे. ऑप्टिकबुकसारख्या यंत्रांबाबत काठापासून सुमारे २ मिलिमीटर एवढे अंतर सांगितले जाते. अर्धा सेंटिमीटर समास असलेल्या खंडाला एवढे पुरेसे आहे. टाका अक्षरातूनच गेला असेल तर कोणत्याही यंत्राचा इलाज नाही. तेथे जुन्या, भरवशाच्या बाइंडराकडून शिवण उसवून घ्यावी, पाने उतरवावी आणि खंड पुन्हा, यावेळी जुजबंदीने, बांधवून घ्यावा. हा मार्ग घरच्या मासिकांसाठी. शाळेच्या किंवा कचेरीच्या दप्तराची शिवण उसविण्याचा अधिकार कोणासही नाही, हे आम्ही मुद्दाम लिहून ठेवतो.

ही यंत्रे साध्या यंत्राहून पुष्कळ महाग असतात आणि सुरतसारख्या शहरातही दुकानात सहसा मांडलेली दिसत नाहीत; मागवावी लागतात. म्हणून जे यंत्र पुढ्यात येईल त्याची परीक्षा स्वतः घ्यावी. परीक्षेचे साहित्य शाळेतले आहे: मिलिमीटरच्या खुणांची एक फूटपट्टी, एक काडेपेटी आणि घरचा एखादा घट्ट बांधलेला खंड. प्रथम फूटपट्टी काठाला काटकोनात, शून्याची खूण यंत्राच्या बाहेरच्या कडेशी जुळवून पालथी ठेवावी आणि संपूर्ण काचेची प्रतिमा काढावी. प्रतिमेत पहिली खूण कितव्या मिलिमीटरची दिसते, तेच त्या यंत्राचे खरे अंतर. माहितीपत्रकात काहीही लिहिलेले असो. ही परीक्षा चारही बाजूंना घ्यावी, कारण काही यंत्रांत आखूड बाजूची पट्टी अरुंद असते आणि लांब बाजूची रुंद, आणि पुस्तकाला उपयोग आहे तो लांब बाजूचा. प्रतिमेच्या कडा आपोआप छाटण्याची सोय संगणकात चालू असेल तर ती आधी बंद करावी. नाहीतर यंत्राने टिपलेले संगणक कापून टाकतो आणि बोल यंत्राला लागतो. नंतर फूटपट्टीचे एक टोक काचेवर आणि दुसरे काडेपेटीवर टेकवून ती तिरपी ठेवावी. प्रतिमेत आकडे कोठपर्यंत वाचता येतात आणि कोठून विरघळू लागतात हे पाहिले, की कागद किती उंच उचललेला यंत्राला चालतो ते कळते. सीसीडी आणि सीआयएस यांतील भेद या एका परीक्षेत इतका उघड होतो, की विक्रेत्याला विचारण्याची गरज उरत नाही. शेवटी खंड ठेवून पाहावा. दुकानदार कुरकुर करील, करू द्यावी.

आकाराचाही विचार करावा लागतो, आणि येथे बरेच जण फसतात. बहुतेक यंत्रांची काच ए४ कागदाएवढी, म्हणजे सुमारे २१६ बाय २९७ मिलिमीटर असते. जुनी दप्तरे आणि जमाखर्चाच्या वह्या फुलस्केप असत. साडेआठ इंच रुंद आणि साडेतेरा इंच उंच, म्हणजे उंची सुमारे ३४३ मिलिमीटर. ती ए४ काचेत मावत नाही. वरचा भाग एकदा आणि खालचा भाग दुसऱ्यांदा असे दोन वेळा उतरवून, मधल्या चार-सहा ओळी दोन्ही प्रतिमांत येतील अशी काळजी घ्यावी लागते. काठापर्यंतची ए३ आकाराची यंत्रेही मिळतात. त्यांत फुलस्केप पान एका खेपेस येते. पण त्यांचे वजन आणि किंमत पाहता एका घराने ती घ्यावी असे आम्ही म्हणणार नाही. डेमी आकाराचे मराठी पुस्तक साडेपाच बाय साडेआठ इंचांचे असते, त्याला ए४ काच भरपूर होते.

संगणकाशी जुळणी हा तिसरा प्रश्न. स्कॅनरसोबत येणारी आज्ञावली आपल्या संगणकावर चालेल काय, हे विकत घेण्यापूर्वी विचारावे. जुन्या बाजारात ऑप्टिकबुकची पहिली यंत्रे कमी किमतीत दिसतात. काच आणि भिंगे ठणठणीत असतात, पण नवा संगणक त्यांना ओळखत नाही, आणि मग ते यंत्र कागद दाबावयाच्या उपयोगाचे उरते. व्ह्यूस्कॅन नावाची एक विकतची आज्ञावली पुष्कळ जुन्या यंत्रांना पुन्हा कामास लावते. आपले यंत्र तिच्या यादीत आहे की नाही ते आधी पाहावे, मगच सौदा करावा.

खोक्यावरील बिंदूंच्या आकड्याला मात्र फारसा अर्थ नाही. छापील मजकुराला इंचामागे ३०० बिंदू पुरतात. बारीक टाइप, फिकट शाई किंवा हस्ताक्षर असेल तर ४०० ते ६००. ए४ पान ३०० बिंदूंनी रंगीत उतरविले तर प्रतिमा २४८० बाय ३५०८ कणांची होते आणि आकुंचन न करता ठेवली तर सुमारे २६ मेगाबाइट जागा घेते. ६०० बिंदूंना त्याची चौपट. चारशे पानांच्या खंडाचा हिशेब वाचकांनी स्वतः करावा. ४८०० बिंदूंनी पान उतरविणे म्हणजे दुर्बिणीतून वर्तमानपत्र वाचणे होय. शुद्ध काळे-पांढरे मात्र कधीही निवडू नये, कारण फिकट निळी शाई त्यात सफाईने नाहीशी होते. छापील मजकूर करड्या छटांत घ्यावा, आणि शिक्के, तांबडी शाई वा नंतर केलेल्या दुरुस्त्या असतील तर रंगात. दप्तरात तांबड्या शाईने केलेली दुरुस्ती आणि काळ्या शाईतली मूळ नोंद यांतील भेद हाच कित्येकदा पुरावा असतो.

काठाच्या यंत्रावर काम करण्याची थोडी सवय लागते. यंत्र मेजाच्या अगदी कडेला ठेवावे, म्हणजे पुस्तकाचा दुसरा भाग खाली उतरू शकतो. पण तो लोंबकळत ठेवू नये. खाली उशी किंवा पुस्तकांची चवड रचून त्याला आधार द्यावा, अन्यथा सगळा भार शिवणीवर येतो. एक पान झाले की पुस्तक फिरवून दुसरे काचेवर घालावे. अशा रीतीने एकाआड एक पाने उलटी उतरतात; ती सरळ करण्याची सोय यंत्राच्या आज्ञावलीत असते, आणि नसल्यास स्कॅन टेलर ही फुकट मिळणारी आज्ञावली ती सरळही करते आणि कडाही नीट कापून देते. शक्य तेथे आधी सर्व विषम पृष्ठे आणि नंतर सर्व सम पृष्ठे घ्यावी. हात बसतो, चूक कमी होते. काच दर पंचवीस पानांनी मऊ कोरड्या कापडाने पुसावी. आमच्या भागात मागांची रुई हवेत सदैव तरंगत असते आणि तिचा एक तंतू काचेवर राहिला, तर पुढल्या प्रत्येक पानावर अनुस्वार पडतो.

जेथे काठाचे यंत्रही वापरू नये असे काही कागद असतात. वर्तमानपत्री कागदावर छापलेले जुने अंक लाकडाच्या लगद्यातील आम्लामुळे पिवळे आणि ठिसूळ होतात. घडी घालताच त्यांचा कोपरा पापडासारखा तुटतो. अशा खंडाला काठावर टांगणे म्हणजे त्याचा अंत पाहणे. त्यासाठी वरून छायाचित्र घ्यावे. दोन पुठ्ठे इंग्रजी व्ही अक्षराप्रमाणे उभे करून त्यांत खंड अर्धवट उघडा ठेवावा, पानावर स्वच्छ काच अलगद टेकवावी, आणि भ्रमणध्वनीचा कॅमेरा पानाला समांतर एखाद्या तिवईवर घट्ट बसवून खिडकीच्या उजेडात टिपावे. चांगल्या हाताने काढलेले असे चित्र वाचावयास पुरते. पण हातात धरून, घाईने काढलेली चित्रे, ज्यांत एका कोपऱ्यात अंगठा आणि दुसऱ्यात स्वतःच्या डोक्याची सावली असते, ती मराठीत पुष्कळ झाली आहेत. संगणकावर आज वाचावयास मिळणाऱ्या जुन्या मराठी पुस्तकांतही असे अंगठे आणि शिवणीत वाकलेल्या ओळी भेटतात. ज्यांनी ती पुस्तके वाचविली त्यांचे ऋण आहेच. तरी कोणा अभ्यासकाला त्या वाकलेल्या ओळीतील शब्द हवा असेल तर तो मूळ प्रत शोधत पुन्हा गावोगाव हिंडणार.

शाळेच्या दप्तराबाबत आणखी एक व्यवहाराची गोष्ट. वयपत्रक शाळेबाहेर जात नाही, जाऊ नये. म्हणून यंत्र शाळेत यावे लागते, आणि जड सीसीडी यंत्र रिक्षातून आणणे-नेणे कोणास रुचत नाही. तेथे हलक्या यंत्राचा मोह होतो. आमचा अनुभव असा की, वर्षातून दोनदा जड यंत्र आणावे, पण नीट उतरवावे. शिवाय अशी प्रतिमा ही दाखला नव्हे. दाखला म्हणजे मूळ नोंदीवरून दिलेला, सहीशिक्क्याचा उताराच. प्रतिमा ही दप्तराची पाठराखीण आहे. ती काढण्यापूर्वी वरिष्ठांची लेखी अनुमती घ्यावी, आणि त्यात शेकडो मुलांच्या जाती आणि जन्मतारखा आहेत हे ध्यानी ठेवून ती कोणाच्या भ्रमणध्वनीवर फिरू देऊ नये.

मासिकांच्या खंडांबाबत कायद्याचा एक शब्द. आपल्या देशात लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे स्वामित्वहक्क चालतो. आपल्या घरचा खंड आपल्या वाचनासाठी उतरविणे निराळे, आणि तो चारचौघांत वाटणे निराळे. दुसरे करावयाचे असल्यास प्रत्येक लेखकाचे साल पाहावे.

राहता राहिला पैशाचा प्रश्न. एका घरात जपण्याजोगी बांधीव पुस्तके असून असून किती असणार? दहा, वीस. त्यांचे काम दोन सुट्यांत उरकते आणि मग महागाचे यंत्र कपाटावर धूळ खात बसते. आमचे स्पष्ट मत असे की, काठापर्यंतचे यंत्र घराने घेऊ नये, मंडळाने घ्यावे. गणेशोत्सवाच्या वर्गणीतून एका वर्षीचा ध्वनिक्षेपकांचा खर्च थोडा आवरला तरी ते होण्याजोगे आहे, आणि शेजाऱ्यांच्या कानांनाही तेवढाच विसावा. यंत्र मंडळाच्या कार्यालयात राहावे, चालविण्याची सवय दोघा-तिघा तरुणांनी करून घ्यावी आणि सभासदांनी पुस्तक घेऊन तेथे यावे. घरात पातळ यंत्र आधीच आले असेल, तर ते टाकून देण्याचे कारण नाही. सुटे दाखले, पत्रे, जन्मपत्रिका, लग्नपत्रिका यांच्यासाठी त्याच्याइतके सोयीचे काही नाही. बांधीव तेवढे बाजूस ठेवावे.

काम कोठून सुरू करावे, तर हस्तलिखितापासून. छापील मासिकाची दुसरी प्रत पुण्यामुंबईच्या एखाद्या ग्रंथसंग्रहालयात असण्याचा संभव असतो. आजोबांच्या वहीची दुसरी प्रत कोठेही नाही. वहीच्या पहिल्या पानाअगोदर एका कोऱ्या कागदावर वही कोणाची, कोणत्या गावची, किती पानांची आणि कोणी कोणत्या दिवशी उतरविली हे लिहून त्याचीच पहिली प्रतिमा घ्यावी. कोरी पानेही उतरवावी, म्हणजे पुढे कोणास पान गळाल्याची शंका येणार नाही. काम संपल्यावर प्रत्येक प्रतिमेतील शिवणीकडचा काठ मोठा करून पाहावा आणि पहिले अक्षर वाचता येते की नाही याची त्याच बैठकीत खात्री करावी. प्रतिमांची एक प्रत घरी, एक गावाकडच्या भावाकडे आणि एक मंडळात ठेवावी. कामाला दिवाळीनंतरचे कोरडे महिने उत्तम. पावसाळ्यात सुरतेच्या दमट हवेने कागद फुगतो आणि पाने एकमेकांस चिकटतात.

वहीतील काही पाने मोडीत आहेत असे बारडोलीच्या वाचकांनी पत्राच्या शेवटी लिहिले आहे. ती कोणाकडून वाचवून घ्यावी आणि वाचणाऱ्याच्या हाती मूळ वही द्यावी की प्रतिमा, याविषयी पुढील अंकी.